उसनी भूक

तालमीतल्या पोरांची सकाळची मेहनत संपत आली, तशी उदयसिंह मगदूमला भूक लागली. ही भूक त्याची नव्हती. ती त्याच्या बायकोची, वैजयंताची होती, आणि वैजयंताला जाऊन सहा महिने झाले होते.

त्याची स्वतःची भूक धडका मारत यायची. ही तशी नव्हती. ऊन तालमीच्या पायरीवर आलं की हळूच यायची आणि कपभर चहा, एक चपाती एवढ्यावर गप्प व्हायची. पुढे पुढे अर्धी चपातीही तिला जड जाऊ लागली होती. उदयसिंहानं चार घास खाल्ले आणि उरलेली चपाती डब्यात ठेवली. पूर्वी त्यानं असा हात आखडला की पोरं एकमेकांना डोळा मारून म्हणायची, "वस्ताद, वहिनी जेवल्या वाटतं." आता कुणी म्हणत नसे. डब्याकडे बघायचंही सगळे टाळत.

त्याला आज कोल्हापूरला जायचं होतं. तिथल्या स्वादुपिंड संशोधन केंद्रातून डॉक्टर ईशा गुळवणींचा दोनदा फोन आला होता. त्याच्या पोटातला मणी आता बंद करायला हवा, असं त्या म्हणत होत्या. दोन्ही वेळा त्यानं काहीतरी सांगून टाळलं होतं. मणी बंद झाला की वैजयंताची भूक जाणार होती. तिचे कपडे मेव्हणीनं वाटून टाकले होते, फोनमधला तिचा आवाज ऐकवत नव्हता. रोज आपणहून त्याच्याकडे येणारं असं तिचं एवढंच उरलं होतं.

ही भूक त्यानं उसनी घेतली त्याला सहा वर्षं झाली होती.

तेव्हा त्याचं वजन एकशे अठरा किलो होतं. तिशीनंतर कुस्ती सुटली आणि खुराक तसाच राहिला. पैलवानांची ही नेहमीची चूक. जोर-बैठका निम्म्यावर येतात, पण दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण जिथल्या तिथं राहतं. त्याच्या वडिलांचंही असंच झालं होतं, आणि ते स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेले होते. वडील गेले त्या वयाच्या जवळ आल्यावर वैजयंतानंच त्याला धरून केंद्रात नेलं.

डॉक्टर गुळवणी वयानं लहान होत्या, पण समजावून सांगायची हातोटी होती. जठराच्या मागे वीतभर लांबीचं स्वादुपिंड आडवं असतं, त्या म्हणाल्या. ते अन्न पचवायला रस देतं आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवायला इन्सुलिन देतं. माणूस रोज गरजेपेक्षा जास्त खातो तेव्हा त्याला जादा राबावं लागतं. शिवाय पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही. तिच्यातून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात झिरपत राहतात. वर्षानुवर्षं हे चाललं की नव्या पेशी घडताना चूक व्हायची शक्यता वाढते.

"शक्यता म्हणतेय मी, पैलवान," त्या म्हणाल्या होत्या. "प्रत्येक जाड माणसाला हा रोग होत नाही. आणि बारीक माणसाला होत नाही असंही नाही."

मग आजपासून कमी खातो की, असं तो म्हणाला. यापूर्वी कितीदा ठरवलंत, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा वैजयंताला हसू आवरेना.

डॉक्टरांचं म्हणणं असं की ठरवणारा माणूस एकीकडे आणि भूक एकीकडे, अशा लढतीत भूकच जिंकते. कारण भूक म्हणजे एक निरोप. पोटातून मेंदूकडे एक लांब नस जाते. हवंय की पुरे, हा निरोप त्या नसेवरून जातो. लठ्ठ माणसाच्या नसेवरचा 'पुरे' उशिरा पोचतो. केंद्रानं त्यावर तोड काढली होती. मुगाच्या दाण्याएवढे दोन मणी. एक सडपातळ, निरोगी माणसाच्या नसेजवळ बसवायचा. तो फक्त ऐकणार. दुसरा लठ्ठ माणसाच्या नसेवर बसवायचा. तो पहिल्यानं ऐकलेलं इथं वाजवणार आणि मूळचा निरोप दाबून टाकणार. म्हणजे जाड माणसाला भूक लागणार ती बारीक माणसाची. दोघं एका घरात, एका वेळेला जेवणारी असली तर उत्तम. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी ही भूक आणायची, म्हणून लोक तिला उसनी भूक म्हणू लागले होते.

वैजयंता सडपातळ होती. दोघांनी मणी बसवून घेतले.

पहिले काही महिने घरात नुसता हशा होता. वैजयंता बहिणीकडे जाऊन मिसळ खाऊन यायची आणि इकडे उदयसिंहाचं ताट वाढून होण्याआधी पोट भरायचं. तिला चतुर्थीचा उपास, तर तालमीत हा भुकेनं कासावीस. एक सवय मात्र त्रासाची होती. त्याच्या ताटात उरलेलं ती संपवायची. अन्न टाकायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलं होतं. ती त्याचं उरलेलं खायला लागली की त्याला तडस लागायची.

"पुरे की आता," तो म्हणायचा, "माझं पोट फुटायला आलंय."

"मग पानात टाकत जाऊ नका," ती म्हणायची आणि शेवटचा घास उचलायची.

चार वर्षांत त्याचं वजन नव्वदवर आलं आणि तिथं थांबलं. पाचव्या वर्षी ते पुन्हा उतरू लागलं. त्या वर्षी अधिक महिना होता, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, त्याला वाण द्यायचं. गडहिंग्लजला सासूनं, तो तिला मामी म्हणायचा, सकाळपासून चुलीपुढं बसून धोंडे केले. उदयसिंहानं एक खाल्ला, दुसरा अर्धा ठेवला. वर ओतलेल्या तुपाच्या वासानं त्याला मळमळलं.

"माझ्या हातची चव गेली काय, जावईबापू?" मामीचा आवाज दुखावलेला होता.

"न्हाई ओ मामी, तुमच्या लेकीची भूक आहे ही. तिलाच विचारा."

सगळे हसले. वैजयंताही हसली, आणि त्याचं ताट आपल्याकडे ओढून अर्धा धोंडा आणि त्यावरचं तूप तिनं संपवलं. परत येताना गाडीत तो किती खातीस म्हणून तिला बोलला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझी भूक तुमच्याकडं दिलीय. मला कुठली उरायला?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. काहीतरी उपयोगाचं दिल्याचं समाधान होतं. त्याला तो विनोद वाटला.

पुढच्या महिन्यात केंद्राच्या परिषदेत त्याचा सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ. पडद्यावर त्याच्या वजनाची रेघ दाखवली. शेवटच्या सहा महिन्यांत ती सरसर खाली आली होती. डॉक्टर म्हणाल्या, आमच्याकडचा हा सगळ्यात उत्तम निकाल. पहिल्या रांगेत बसून वैजयंता टाळ्या वाजवत होती.

दिवाळीनंतर तिचे डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या. गाठ स्वादुपिंडात होती आणि यकृतापर्यंत पोचली होती. तिच्या मण्याचं थेट ऐकणं डॉक्टरांनी तिथंच थांबवलं, आणि त्याआधीच्या काही महिन्यांत साठवलेली तिची भूक उदयसिंहाच्या मण्यावर चालू ठेवली. पावसाळा संपायच्या आत ती गेली. भेटायला येणारे म्हणायचे, बारीक तर होती, चटकमटक खात असणार. तो त्यांना चहा द्यायचा.

आज केंद्रात डॉक्टर गुळवणींनी आधी त्याला काट्यावर उभं केलं. अडुसष्ट.

"बघा, किती झाक उतरलंय," तो म्हणाला. खरंच त्याला त्याचा अभिमान होता.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि सत्कारात दाखवलेली तीच रेघ पुन्हा पडद्यावर आणली. मग सावकाश सांगायला सुरुवात केली. जास्त वजनानं या रोगाची शक्यता वाढते हे खरं. पण रोग आत शिरला की गोष्ट उलटी होते. गाठ हाताला लागण्याच्या, दुखण्याच्या, कावीळ दिसण्याच्या कितीतरी आधी काहींची भूक मरते, तूप-तेल नकोसं होतं, वजन उतरतं. म्हणून या रोगात वजन कमी झालं तर ते का झालं, हे विचारावं लागतं.

"ही रेघ इथून खाली वळते," त्यांनी बोट ठेवलं. "तुमचं वजन एकदा थांबलं होतं. नव्यानं उतरायला काही कारण नव्हतं. खरं कारण तुमच्यात नव्हतंच. तुम्ही तिच्या भुकेनं जेवत होता, आणि तिची भूक मरत होती."

उदयसिंह रेघेकडे बघत राहिला. धोंड्याचा महिना रेघेवर कुठे येतो ते त्याला न विचारता कळलं.

"पण तिचं वजन उतरलं नव्हतं," तो म्हणाला.

"तेच मला कळत नव्हतं. भूक नसताना माणूस इतकं कसं खाईल?"

"मी ताटात टाकायचो ते ती खायची."

दोघांनाही चित्र पूर्ण दिसलं होतं. तिची भूक घेऊन तो जेवला होता आणि त्याचं उष्टं खाऊन ती टिकली होती. रोग तिच्या अंगात होता आणि खुणा त्याच्या. त्या खुणांना लोकांनी शाल घातली होती.

"मी ती रेघ परिषदेत दाखवली," डॉक्टर म्हणाल्या. "मला वाचता यायला हवी होती."

"तेव्हाच कळलं असतं तर?"

"वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही. शस्त्रक्रिया करता आली असती, एवढं म्हणू शकते." मग त्यांनी विचारलं, "त्यांनी कधी सांगितलं नाही, भूक लागत नाही म्हणून?"

"सांगितलं की. म्हणाली, भूक तुमच्याकडं दिलीय, मला कुठली उरायला."

"पण मणी काही काढून घेत नाही. तो फक्त ऐकतो. देणाऱ्याची भूक कमी होत नाही."

"हे तुम्ही मला सांगितलं होतं, म्याडम. ती बाहेर रक्तदाब मोजायला बसली होती."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या की या रेघेवरून त्यांनी केंद्रातल्या सगळ्या जोड्या पुन्हा तपासल्या. आणखी एका माणसाचं वजन असंच विनाकारण उतरत होतं. त्याच्या बायकोला बोलावलं. गाठ हरभऱ्याएवढी होती, काढून टाकली. बाई घरी गेली. यापुढे घेणाऱ्याचं वजन उतरलं की आधी देणारीला तपासायचं, असा नियम केलाय.

"देणारीला?" उदयसिंहानं विचारलं. "सगळ्या बायकाच आहेत?"

"जवळजवळ सगळ्या. सडपातळ, घरातली, एका वेळेला जेवणारी. अशी दुसरी कोण सापडणार?"

मण्यावर आता वाजत होती ती आजारी वैजयंताची भूक होती. ती तशीच ठेवली तर तो खंगत जाणार होता. पण केंद्राकडे तिच्या पहिल्या वर्षाची भूक साठवलेली होती. निरोगी, चहा-चपातीची. ती जन्मभर चालवता येईल, डॉक्टर म्हणाल्या. वजन जागेवर राहील आणि वडिलांचा रोग व्हायची शक्यताही कमी राहील.

"ती भूक कधी कमी होईल?"

"नाही. आहे तशीच राहील."

"माझ्या पोटात काही झालं तरी?"

"तरीही."

"मग बंदच करा," तो म्हणाला. आवाज आखाड्यात पोरांना डाव सांगावा तसा होता. "ती बोलली ते मी ऐकलं नाही. आता माझं पोट तरी मला ऐकू दे. अर्ध्यावर हात थांबवायला सहा वर्षं शिकलोय. पुढचं मी बघतो."

डॉक्टरांनी धोका पुन्हा एकदा सांगितला. दर महिन्याला येऊन वजन करायचं त्यानं कबूल केलं, आणि त्यांनी मणी बंद केला. त्याला काहीच जाणवलं नाही. उद्या ऊन पायरीवर येईल तेव्हा जाणवणार होतं.

तो घरी न जाता गडहिंग्लजला गेला. वाटेतच त्याची स्वतःची भूक आली. सहा वर्षं बाहेर उभ्या केलेल्या पाहुण्यासारखी ती आत घुसली. मामीनं भाकरी, पिठलं, ठेचा वाढला. तो मन लावून जेवला. पोट अजून मागत होतं, तेव्हाच त्यानं हात थांबवला. ताटात एक भाकरी आणि पिठलं उरलं. सवयीनं त्यानं ताट डाव्या अंगाला सरकवलं. तिथं कुणी नव्हतं.

मामी पुढं सरकल्या आणि त्यांनी ताट आपल्याकडे ओढलं. पहिला तुकडा मोडला. त्याही अलीकडे बारीक झाल्या होत्या. लेक गेल्याच्या दुःखानं असेल, असं सगळे म्हणत होते.

उदयसिंहानं त्यांचा हात धरला.

"मामी, तुम्हाला भूक लागलीय?"

त्या हसल्या. असलं काय विचारतोस, टाकायचं असतं होय, म्हणाल्या. त्यानं हात सोडला नाही. त्यानं तेच पुन्हा विचारलं, शब्दही न बदलता.

हातातल्या तुकड्याकडे बघत त्या आठवू लागल्या. सकाळी काय खाल्लं, काल काय खाल्लं, ते खाताना हवंसं वाटलं होतं का. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईच्या तोंडावर आधी नवल आलं आणि मग हळूहळू भीती.

"कळत न्हाई रं, बाबा," त्या म्हणाल्या.