चौदा चिंचोके

टक्... टक्... टक्. वेताच्या छडीचे हे तीन ठोके राजारामने साठ वर्षांपूर्वी पालीजवळच्या वाडीतल्या शाळेत ऐकले होते. पाचवीचा वर्ग, इंग्रजीचा पहिला तास. गुरुजींनी टेबलावर छडी आपटली आणि म्हणाले, "राजा, ऊठ. तुला काय करायचंय इंग्रजी?" तो उठला, घरी आला आणि परत कधी शाळेत गेला नाही.

गुरुजी केव्हाच वारले. पोरं उरली नाहीत म्हणून दोन वर्षांपूर्वी शाळाही बंद पडली आणि किल्ली राजारामकडे आली. भरदुपारी तो नातीला, आम्रपालीला, अभ्यासाला तिथे घेऊन जाई. बी.ए.च्या इंग्रजीत ती एकदा नापास झाली होती. यंदा राहिली, तर बाप तिला मुंबईला पॅकिंगच्या कामाला लावणार होता.

अभ्यासातलं नाटक वाचून झालं होतं. त्यातल्या राजाचं काम राजारामकडे. त्याने फक्त "यस" म्हणायचं, आणि तेही तो भलत्या जागी म्हणे. गद्यही झालं. अडलं होतं पाठ करायच्या कवितेवर. तिच्या ओळी चौदा. राजारामला इंग्रजी अक्षर कळत नव्हतं, म्हणून तो मुठीत चौदा चिंचोके धरी आणि ती एकेक ओळ म्हणाली की एकेक डब्यात टाकी. रोज मुठीत पाच उरत.

"नवव्या ओळीनंतर काय होतं गो तुला?"

"आबा... कोणतरी छडी आपटतं. तुम्हाला ऐकू येत नाय?"

राजाराम मुठीतले पाच चिंचोके चाचपत राहिला. त्याला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं.

"उद्यापासून नको येऊया," ती हळूच म्हणाली. "जाते मी मुंबईला."

राजाराम सावकाश उठला आणि गुरुजींच्या खुर्चीत जाऊन बसला.

"म्हण बाय. पहिल्यापासून."

नऊ चिंचोके पडले. मग वर्गात गुरुजींच्या तपकिरीचा वास आला. ऐन उन्हाळ्यात जमिनीतून गारवा चढू लागला. टक्... अगदी त्याच्या गुडघ्यापाशी. टक्... टक्. मागून कुणी ओढावी तशी खुर्ची हलली.

आम्रपालीचा आवाज तुटला.

"गुरुजी," राजाराम नेहमीच्याच संथपणे म्हणाला, "तेव्हा तुम्ही सांगितलंत, मी उठलो. आज नाय उठणार. पोर कविता म्हणत्येय. ऐकायची असेल तर तिकडं बाकावर बसा." मग तिच्याकडे वळला. "तू थांबू नको गो."

तिने डोळे मिटले आणि दहावी ओळ म्हटली. अकरावी जरा मोठ्याने. शेवटच्या बाकाची फळी करकरली, तरी ती थांबली नाही. चौदावा चिंचोका डब्यात पडला. राजारामची मूठ रिकामी होती.

बाक पुन्हा करकरला. दार आपोआप उघडलं. बाहेर अंगणातल्या लाल धुळीत छडीच्या टोकाचे ठिपके उमटू लागले, एकापुढे एक. पाऊल कुठेच नव्हतं. ठिपके फाटकापाशी जरा थांबले आणि मग राजारामच्याच घराच्या वाटेला लागले.