डॉर्कस टिलीचं निळं रेशीम

ओंडका सरकवा जरा विस्तवात, आणि मधेमधे हसायचं नाही. पोरांनो, मी पन्नास वर्षं या लडलो गावात चित्रांच्या चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवला. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण हेस्टर प्रॉसर थापा मारणारी बाई नाही. हे तिच्याबाबतीत घडलं.

दोन हजार चोवीस सालचा नोव्हेंबर, एकवीस तारीख, गुरुवार. जुनी चित्रं साफ करणं हा हेस्टरचा धंदा. कापसाचे बोळे, बाटल्या आणि चहाचा थर्मास घेऊन ती पुलाजवळच्या लायोनेल ग्रीव्ह यांच्या घरी पोचली. वरच्या मजल्यावर त्यांच्या घराण्यातल्या एका बाईचं माणसाएवढं चित्र होतं. निळ्या रेशमी झग्याच्या तळाशी काळपट थर साचला होता, तेवढा काढायचा. शुक्रवारी सकाळी आठला लिलाववाल्यांची गाडी येणार होती.

चित्र काढलेलं सर ऑगस्टस फेलगेट यांनी. अडीचशे वर्षांपूर्वीचं बडं प्रस्थ. तेव्हाची रीत अशी, की बडा चित्रकार चेहरा आणि हात रंगवणार, कपडे रंगवायला दुसऱ्या कुणाकडे पाठवणार, आणि नाव मात्र आपलं एकट्याचं लावणार. त्या दुसऱ्याचं नाव कुणी विचारतही नसे.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला झग्याच्या खालच्या चुणीत, काळपट थराखालून अक्षरं वर आली. ‘डॉर्कस टिलीने रंगवले.’

हेस्टर खाली बसूनच राहिली. तिनं स्वतः अकरा वर्षं एका नावाजलेल्या माणसाच्या हाताखाली काढली होती. हात तिचे, सही त्याची. तिनं ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

तेवढ्यात ग्रीव्ह शेरी वाइनचा पेला घेऊन डोकावले. अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला; दुसरं नाव निघालं म्हणजे लिलावात भाव पडणार.

“मिस प्रॉसर, तुम्हाला कापूस फिरवायला बोलावलंय, खोदकाम करायला नाही. त्यावर थोडा तपकिरी रंग मारा आणि मोकळ्या व्हा.”

“सापडलेलं झाकायचं नसतं, ग्रीव्हसाहेब. आमच्या धंद्यात त्याला लबाडी म्हणतात.”

“अहो, कोण ही टिली? कुत्रं तरी ओळखतं का तिला?”

“नाहीच ओळखत. तेच तर म्हणतेय मी.”

“हे बघा, सकाळी आठला ते नाव मला दिसता कामा नये. दिसलं, तर या जिल्ह्यात एकाही घराचं दार तुम्हाला उघडणार नाही. माझी ओळख दांडगी आहे.”

आणि ते बहिणीकडे झोपायला निघून गेले. हेस्टर एकटी उरली. तिनं थर्मासमधला चहा ओतला आणि राहिलेली चूण साफ करायला घेतली. रंगाच्या डबीला तिनं हात लावला नाही.

रात्रीचा पाऊण वाजला होता.

तिच्या मागे फळी कुरकुरली. मग पावलं. एक, दोन, तीन… सात पावलं, चित्रापासून लांब जाणारी. मग काहीच नाही. मग सात पावलं, चित्राकडे येणारी.

तिनं वळून पाहिलं. खोली रिकामी. परत चित्राकडे पाहिलं तर ‘डॉर्कस’ गायब. त्यावर तपकिरी रंगाचा पट्टा. ओला.

तिनं लगेच बोळा फिरवला. नाव परत वर आलं.

पावलं पुन्हा मागे गेली. सात. थांबली.

आता तिच्या लक्षात आलं. माणसांची चित्रं काढणारे जुने चित्रकार असेच चालायचे. मागे जाऊन लांबून बघायचं, ठरवायचं, आणि भरलेला कुंचला घेऊन पुढे यायचं.

म्हणजे तो… आता बघत होता.

हेस्टर पळाली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती. दार चार हातांवर होतं. पण तिला भीतीपेक्षा संताप मोठा आला. ती चित्राकडे पाठ करून, त्या नावाच्या पुढ्यात, जमिनीवर फतकल मारून बसली.

“सर ऑगस्टस,” ती म्हणाली. आवाज फाटला होता, तरी म्हणाली. “चेहरा तुमचा. कोण नाही म्हणतंय? पण हे रेशीम तिचं आहे. अडीचशे वर्षं सगळं एकट्यानं खाल्लंत, पोट नाही भरलं? या. मी हलणार नाही.”

फळी कुरकुरली.

मग… एक.

दोन.

तीन… चार…

जवसाच्या तेलाचा वास आला. कुबट. जुना.

पाच.

सहा.

तिनं डोळे मिटले नाहीत. समोर कुणीच नव्हतं. दिवा नीट जळत होता.

सात.

छातीवरून काहीतरी गार, ओलं, डावीकडून उजवीकडे फिरलं. अगदी सावकाश.

…

मागे जाणारी पावलं तिला ऐकू आली नाहीत. सकाळपर्यंत नाहीत. ती तशीच बसून राहिली, ताठ, आठ वाजेपर्यंत.

गाडी आली. ग्रीव्हही आले आणि नाव पाहून बेभान ओरडले. लिलाववाल्या बाईनं चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं आणि वहीत लिहून घेतलं. झालं! आता ते कोण झाकणार? हेस्टरला त्या जिल्ह्यात खरंच पुन्हा काम मिळालं नाही. मी एकदा विचारलं, पस्तावलीस का गं? तर म्हणाली, “छे! आज सांगितलंत तर आज परत बसेन.”

मग तिनं कपाटातून त्या रात्रीचा पांढरा शर्ट काढून माझ्यापुढे धरला. छातीवर आडवा तपकिरी फटकारा, चांगला वीतभर. कुंचल्याच्या केसांच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

परवाचीच गोष्ट ही. म्हणजे त्या रात्रीला वर्षाहून जास्त झालं होतं. मी बोट लावून पाहिलं.

ओला होता.