शेपटीखालचं लिंबू

तामलवाडीत मी गेले होते ती उडालेल्या पत्र्यांसाठी. वादळानं एका कांदाचाळीचं छप्पर नेलं होतं आणि विमा कंपनीची सर्व्हेअर म्हणून नुकसानीचे फोटो काढायचं काम माझं. शिडी मागायला शेजारच्या शेडात डोकावले, तर आत विमान.

खरंखुरं, पिवळं. नाक वर, शेपटी मातीला टेकलेली. त्याच्याखालून दोन पाय बाहेर आले, मग ग्रीस माखलेला चेहरा.

"शिडी पाहिजे होती," मी म्हणाले.

"देतो की. पण मॅडम, ह्याचा विमा करता का तुमी?"

त्याचं नाव रणधीर. वैमानिकाचं लायसन नवंकोरं, आणि विमान चार वर्षं खपून स्वतःच्या हातानं बांधलेलं. बाकीच्या परवानग्या आल्या होत्या. विम्यावाचून धाराशिवच्या धावपट्टीवर घेत नव्हते. फॉर्म भरून द्यायचं मी कबूल केलं. त्यासाठी तीन रविवार तामलवाडीला गेले. फॉर्म काही तीन रविवारांचा नव्हता.

भीती मात्र पहिल्या दिवसापासून होती. माझ्या टेबलावर येणारी प्रत्येक गाडी चेपलेलीच असते. त्यामुळं रणधीर हसला की मला पुढचंच दिसायचं — पिवळे तुकडे, आणि फोटो काढायला मी.

"चाक शेपटीला कशाला?" मी विचारलं.

"जुनी पद्धत हाय. उतरताना तेवढी शेपटी सांभाळावी लागती. न्हाय सांभाळली तर ती तोंडाच्या पुढं पळती, अन् विमान गिरकी घेतंय."

"आणि मग?"

"मग तुमचं काम," तो हसला. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी एका रकान्यावर थांबले. असलं, शेपटीला चाक असलेलं विमान चालवल्याचा अनुभव: एकतीस तास.

"हे तर अजून उडालंच नाही. एकतीस कुठनं आले?"

"मीटर बगा की. ट्रॅक्टरचं बसवलंय, चुकत न्हाय."

"ते इंजिनचे तास झाले. हवेतले किती?"

त्यानं फडक्याला हात पुसले. "चार... दुसऱ्याच्या असल्याच विमानात, उस्ताद शेजारी बसवून. लायसन निराळ्या विमानावर काढलंय. बाकी रानात पळवलं. चार लिवलं तर पॉलिसी कोण देतंय? अन् शुक्रवारी धावपट्टी मिळालीय, मॅडम."

मी एकतीसवर काट मारली. चार लिहिलं. "इथं सही करा. खोट्यावर क्लेम मिळत नाही."

त्यानं सही केली, पण माझ्याकडं बघितलं नाही. कंपनीचं उत्तर आलं — आधी उस्तादाबरोबर दहा तास, मग विमा. शुक्रवार गेला. त्यानंतर दीड महिना त्याचा फोन नाही. माणूस जिवंत राहावा म्हणून केलं, आणि माणूसच हातचा गेला, असं वाटून मी कितीदा तरी रडले.

मग त्याच्या आईचा, कमलबाईंचा फोन आला. "पोरी, उद्या उडतंय बग ते. तुला बोलवायला सांगितलंय त्यानं."

धावपट्टीवर कमलबाईंनी नारळ फोडला, पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं ठेवली. मी तिसरं मागून घेतलं. वाकले आणि शेपटीच्या चाकाखाली ठेवलं. रणधीर बघत होता.

तो उडाला. वीस मिनिटं मी कमलबाईंचा हात सोडला नाही. उतरताना पुढची चाकं टेकली, मागची टेकली... आणि शेपटी डावीकडं पळाली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा विमान सरळ उभं होतं.

रणधीर खाली उतरला.

"सातव्या तासाला उस्तादानं हेच शिकवलं," तो म्हणाला. "चारावर असतो, तर..." शेपटीकडं बघून म्हणाला, "तुमचा क्लेम वाचला, मॅडम."

"क्लेमसाठी नव्हती मारली काट."

"मग?"

"तुमचे फोटो काढायचे नव्हते मला." मग उरलेलंही बोलून टाकलं. "मला तुम्ही पाहिजे होतात."

त्यानं ग्रीसचा हात पँटला पुसला आणि माझा हात धरला, आईदेखत.

"निकिता," त्यानं पहिल्यांदाच नावानं हाक मारली, "आता तर फॉर्मबी संपला. रविवारी काय म्हणून येशील?"

"शिडी मागायला," मी म्हणाले.