चुंबक न लागलेला दगड

पाऊस येण्याआधी तो दगड हाती लागला पाहिजे, एवढ्या एकाच कामासाठी १९८८ सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, तीन माणसे चंदीगडहून शिवालिकच्या डोंगरांकडे निघाली.

दगड साधासुधा नव्हता. गुरुवारी संध्याकाळी सुखना तलावावर फिरायला आलेल्या माणसांनी त्याला आकाशातून जळत जाताना पाहिले होते. हिरवट उजेड आणि मागून गडगडाट! पंजाबातले ते दहशतवादाचे दिवसच असे होते, की मोठा आवाज झाला की माणसे आधी जमिनीवर आडवी पडत आणि मग विचार करत. कुणी म्हणाले रॉकेट, कुणी म्हणाले बॉम्ब. विद्यापीठात भूशास्त्राचे संशोधन करणारी सुनेत्रा करमरकर मात्र आनंदाने नाचायचीच बाकी राहिली होती. उल्का! आणि तीही जमिनीपर्यंत पोचलेली!

पुढचे दोन दिवस तिने सायकलवरून शहर पालथे घातले. हायकोर्टाच्या फाटकावरचा पहारेकरी, सचिवालयातला कारकून, विमानतळाजवळ ऊस तोडणारा शेतकरी. ज्याने उजेड पाहिला त्याला त्याच जागी उभे करून ती विचारी, "कहाँ गिरा जी? हाथ करके दिखाओ." होकायंत्राने दिशा घ्यायची आणि नकाशावर लाल पेन्सिलीने रेघ ओढायची. तिन्ही रेघा सिसवां गावाच्या मागच्या डोंगरात एकमेकींना भेटल्या.

ठिकाण कळले, पण जायचे कसे? त्या बाजूला तेव्हा दिवसासुद्धा लोक जपून जात. अशा वेळी जीप काढील असा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता, आणि नेमके त्याच्याशीच तिचे पटत नसे. विंग कमांडर नंदकुमार राजाध्यक्ष, निवृत्त, मूळचे वेंगुर्ल्याचे. सेक्टर अकरातल्या त्यांच्या घरी काचेच्या कपाटात चौदा उल्कापाषाण मांडलेले होते. मराठी मंडळाच्या गणपतीत आरती झाली की या दोघांचे भांडण ठरलेले. ती म्हणे, "काका, हे दगड प्रयोगशाळेत हवेत." ते म्हणत, "आधी एक शोधून तर दाखव, सुनेत्राबाई!"

शनिवारी ती नकाशा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. काकांनी चष्मा पुसला, रेघा पाहिल्या आणि हाक मारली, "बलकार, जोंगा निकालो!"

बलकार सिंग हवाई दलातला काकांचा जुना फिटर. लष्कराच्या लिलावातली ती जोंगा जीप त्याच्याशिवाय कुणाचेच ऐकत नसे.

"पण दगड कुणाचा?" सुनेत्राने विचारले.

"सापडला की बघू," काका म्हणाले. दोघांनीही तो प्रश्न तिथेच ठेवला, कारण दोघांनाही एकमेकांशिवाय पर्याय नव्हता.

सिसवांच्या अलीकडे पोलिसांचा नाका लागला. जवानाने जीपमध्ये डोकावून फक्त पगडीवाल्या बलकारला खाली उतरवले. हात वर करायला लावले. बलकारचा चेहरा दगडासारखा झाला.  काकाही उतरले, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी आपलेही हात वर केले. सुनेत्राला पुढे किती वर्षे तो क्षण आठवत राहिला!

तेवढ्यात इन्स्पेक्टरच्या हाती नकाशा पडला. लाल रेघा: एक हायकोर्टापासून, एक सचिवालयापासून, एक विमानतळापासून.

"ये क्या है, मॅडम?"

सुनेत्राच्या तोंडचे पाणी पळाले. दोन दिवस तो कागद घेऊन ती शहरभर हिंडली होती, आणि तो पोलिसांना कसा दिसेल हे तिच्या डोक्यातही आले नव्हते! ती घाईघाईने सांगू लागली. गुरुवार, उजेड, उल्का...

"वो हरी वाली?" इन्स्पेक्टरचा आवाज बदलला. "वो तो मैंने भी देखी! यहीं खड़ा था." आणि त्याने डोंगराकडे हात केला.

सवय वाईट! सुनेत्राने होकायंत्र काढले, त्याच्या हाताची दिशा घेतली आणि बंदूकधारी जवानांच्या गराड्यात, जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून चौथी रेघ ओढली. ती बरोबर त्याच ठिकाणी जाऊन मिळाली. इन्स्पेक्टर बघतच राहिला, मग हसला.

"पाँच बजे से पहले लौट आना," तो म्हणाला. "उसके बाद मैं भी किसी को नहीं पहचानता."

पुढे खैराच्या झाडांच्या सावलीत त्यांनी डबा उघडला. थालीपीठ, लोणी आणि बलकारने आणलेले किन्नू, म्हणजे तिकडची संत्री. डोंगर तांबूस, ठिसूळ, गोट्यांनी भरलेले, आणि त्यांच्यावर भाबड गवत वाऱ्याने एकाच बाजूला झुकलेले. कसौलीच्या अंगाला मात्र ढग काळे होत चालले होते.

काकांनी काठी हातात घेतली. तिच्या टोकाला स्क्रूने बसवलेले रुपयाएवढे चुंबक होते. वाटेतला प्रत्येक काळा दगड ते त्या टोकाने टोचत. उल्केत लोखंड असते, चुंबक चिकटते. जगभरचे संग्राहक असेच करतात.

"काका, एक मागू? दगड दिसला तर त्याला हे लावू नका."

"का बरं?"

"त्याच्यात जन्माच्या वेळचं चुंबकत्व साठवलेलं असतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. तुमचं चुंबक एकदा टेकलं की सगळं पुसलं. तुमच्या कपाटातले चौदाही त्या बाबतीत कोरे झालेत."

काकांनी हातातला किन्नू अर्धवट सोलून खाली ठेवला. हे बोलणे त्यांना लागले होते.

"आता माझं ऐक," ते म्हणाले. "एकाहत्तर साली जोधपूरच्या वाळूत मला पहिला दगड सापडला. देशाचा आहे म्हणून एका सरकारी संग्रहालयाला देऊन टाकला. चार वर्षांनी भेटायला गेलो. भेटायलाच गेलो होतो गं! तर तो कुठे होता? ऑफिसच्या दाराला अडकण म्हणून लावलेला! त्या दिवशी कानाला खडा लावला. माझ्या कपाटात निदान त्याच्यावर रोज फडकं तरी फिरतं."

 सुनेत्राने पिशवीतून पांढरे सुती फडके काढून त्यांच्या हाती दिले. "उकळून आणलंय. उघड्या हाताने उचलायचा नाही म्हणून." काकांनी ते खिशात कोंबले.

टिब्बी नावाच्या गावात नंबरदाराने, म्हणजे तिथल्या पाटलाने, हातच जोडले. "बम है जी! राओ में पड़ा है. हमने दूर से रेत की बोरियाँ रख दीं. कल बमवाले आएँगे, उड़ा देंगे."

रेडिओ रोज बजावत होता, बेवारस वस्तूला हात लावू नका. गावाने तो हुकूम डोळ्यांत तेल घालून पाळला होता. तीन दिवसांत त्या दगडाला ना हात लागला होता, ना तेल, ना शेंदूर. पण उद्या सुरुंग, आणि आज पाऊस!

राओ म्हणजे पावसाळी ओढा, एरवी रुंद कोरडे वाळूचे पात्र. तिघे त्यातून मैलभर चालले. सोबत यायला गावातले कुणी तयार नव्हते. वळण घेतले आणि सुनेत्राचे पायच थबकले. वाळूच्या उंचवट्यावर पोत्यांचे कडे, आणि त्यात नारळाएवढा, तव्याच्या तळासारखा काळा दगड!

"आधी फोटो!" ती ओरडली. अख्खे कडे चौकटीत मावेना. ती एक पाऊल मागे सरली. दोन. तीन. आणि वाळू खचली!

गुडघ्यापर्यंत. मग मांडीपर्यंत. वरून सुकलेली वाळू, आत नुसता चिखल! पाय ओढावा तर दुसरा खाली जाई.

तिकडे काका दगडाशी पोचले होते. तिच्याकडे त्यांची पाठ होती. सुनेत्राने पाहिले, काठी सवयीने खाली झुकली, चुंबक दगडावर आले, वीतभर अंतरावर.

"काका! चुंबक नको!"

काठी थांबली. हवेत तशीच थांबली. सतरा वर्षे ज्याची वाट पाहिली तो ताजा दगड त्या माणसाच्या पायाशी होता, आणि थोपवायला दुसरे कुणीच नव्हते. मग काकांनी काठी बाजूला खुपसली, खिशातून पांढरे फडके काढले, आजारी मूल उचलावे तसा दगड गुंडाळला आणि कोटाच्या आत घातला.

तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले. "बलकार! लडकी धँस गयी!"

वरून घरघर ऐकू आली. कुठेतरी डोंगरात पाऊस कोसळला होता. पाणी निघाले होते!

"बोरियाँ!" बलकार गरजला. दोघांनी पोती ओढली, चिखलावर टाकली. एक. दोन. चार. पाचव्यावर काका पालथे पडले आणि त्यांनी काठी पुढे केली. "धर!"

सुनेत्राने धरली. जे चुंबक दगडाला लागू नये म्हणून ती जिवाच्या आकांताने ओरडली होती, तेच आता तिच्या मुठीत होते. एक हिसका. दुसरा! बूट आत राहिला, पाय सुटला! तिघे पोत्यांवरून धडपडत काठाला लागले. कडा ठिसूळ, हाताला येईल तो गोटा निखळे. पण चढले! खाली तांबडे पाणी आले आणि पोती, उंचवटा, सगळे घेऊन गेले.

वर पोचल्यावर तिघांना एकदमच हसू फुटले. का, ते कुणालाच सांगता आले नसते.

साडेचारला नाका ओलांडला. काका मांडीवर दगड घेऊन बसले होते. भिजलेल्या शहरात शिरल्यावर चौकात बलकारने जीप थांबवली.

"साबजी, घर कि यूनिवर्सिटी?"

वायपर दोन-चारदा फिरला. सुनेत्राला हात पुढे करावासा वाटला, पण तिने केला नाही.

"दाराला लावणार नाही ना?" काकांनी विचारले. 

"नाही, काका."

"लिहून दे."

तिने नकाशाच्या पाठीमागे लाल पेन्सिलीने लिहून दिले. काकांनी वाचले, घडी घातली आणि म्हणाले, "यूनिवर्सिटी."

त्या दगडाचे चुंबकत्व जन्मापासून जसेच्या तसे निघाले. सुनेत्राने निबंधात शोधणारे म्हणून तीन नावे लिहिली, त्यांत बलकारचेही होते. दर फेब्रुवारीला काका किन्नूची पिशवी घेऊन दगडाला भेटायला येत, आणि हात लागू नये म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. दुसऱ्या वर्षी आले तेव्हा वाऱ्याने तिच्या खोलीचे लोखंडी दार आपटत होते. काकांनी काठीचा स्क्रू फिरवला, चुंबक काढले आणि दारामागच्या कपाटाला चिकटवले. दार जाऊन त्याला चिकटले.

"तुम्हा लोकांना दाराला काहीतरी लागतंच," ते म्हणाले. "हे लाव. दगडापासून दोन मजले लांब आहे, मोजलंय मी."

आता सिसवांचा रस्ता रात्रीही वाहता असतो आणि विमानतळाजवळच्या उसाच्या जागी एयरोसिटीची घरे आहेत. काका गेले, बलकारही गेला. सुनेत्रा निवृत्त झाली त्या संध्याकाळी तिने खोली बंद करायला दार ओढले. ते सुटेना. पुन्हा ओढले. काकांच्या चुंबकाने घट्ट धरले होते.  मग तिने दार तसेच उघडे ठेवले, आणि खाली जाऊन, हात पाठीमागे बांधून, दगडापुढे थोडा वेळ उभी राहिली.