एका चार्जमध्ये किती भोकं

आधीच सांगून टाकलेलं बरं. तिला ड्रिल घ्यायचं होतं, प्रेमात वगैरे पडायचं नव्हतं. तेवढी सवडही तिला नव्हती.

ती पडदे बसवायची. म्हणजे मापं घ्यायची, शिवायची, चुण्या पाडायची. भिंतीला भोकं पाडणं हे दादाचं काम. मग दादाचं लग्न झालं, तो सासऱ्यांच्या धंद्यात शिरला आणि जाताना वायरीचं जुनं ड्रिलही घेऊन गेला. तुला काय करायचंय ते, जड आहे, असं वर म्हणाला. त्याच आठवड्यात तिने मुलींच्या नव्या वसतिगृहाचं काम एकटीच्या हिमतीवर घेतलं. नव्वद खिडक्या आणि शनिवार-रविवार असे दोनच दिवस, कारण सोमवारी मुली राहायला येणार. वरच्या मजल्यांवर अजून वीज आलेली नव्हती, तेव्हा ड्रिल बॅटरीवरचंच हवं. काम वेळेत झालं तर वसतिगृहाच्या बाई पुढच्या दोन इमारतीही तिलाच देणार होत्या. फसलं तर दादा काय म्हणेल, ते तिला तोंडपाठ होतं.

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे एक किडकिडीत तरुण उभा होता. त्याने रंग दाखवला नाही, ब्रँड सांगितला नाही. त्याने विचारलं, "दिवसाला भोकं किती?"

असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. खिडकीला चार, दिवसाला पंचेचाळीस खिडक्या. ती म्हणाली, "एकशे ऐंशी. नव्या इमारतीत, पडद्यांच्या दांड्यांसाठी."

"मग आधी बॅटरी बघू, ड्रिल नंतर."

खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. त्याची आपली एक रीत होती. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी गिऱ्हाइकासमोर लावायची आणि ती मान टाकेपर्यंत भोकं पाडत राहायचं. त्याने लाकडाची जाड फळी पुढे ओढली, तिला मोजायला बसवलं आणि सुरुवात केली. एकशे वीसच्या पुढे बॅटरी दमली, तेव्हा तास उलटून गेला होता. लाकडाचा बारीक भुसा तिच्या बाहीवर बसला होता. तो झटकायला त्याचा हात पुढे आला... आणि तसाच मागे गेला. ते तिने पाहिलं. न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या संध्याकाळी दुसरं ड्रिल. या वेळी भोकं तिने पाडली, कारण हात तिचा दुखणार होता. मनगट सरळ ठेवा, असं तो दर दहा भोकांमागे सांगे. तुमच्या मनगटाने जन्मात एक पडदा तरी शिवलाय का, असं तिने विचारलं. तिसऱ्या संध्याकाळी तिसरं ड्रिल, आणि भोकं झाली एकशे चौऱ्याऐंशी! ती एवढी खूश झाली, की तिथल्या तिथे खोकं बांधायला सांगितलं. तो मात्र खोकं बांधताना काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला. निघताना तिला जरा चुकल्यासारखं वाटलं. पण बॅटरी एका दिवसाला पुरणार होती, आणि मुद्दा तेवढाच होता.

शनिवारी आठव्या खिडकीच्या दुसऱ्या भोकाला ड्रिल थांबलं.

मोजून तीस भोकं झाली होती. चार्जिंगची सोय फक्त तळमजल्यावर, चौकीदाराच्या खोलीत, आणि एका चार्जिंगला सव्वा तास. या हिशेबाने काम बुधवारपर्यंत गेलं असतं. तिने बॅटरी चार्जिंगला लावली आणि तडक दुकान गाठलं. आवाज चढवला नाही. बॅटरी खराब निघाली, एवढंच म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "बॅटरी चांगली आहे. काँक्रीटमध्ये तीसच होतात."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग लाकडात का तपासली?"

"काँक्रीटमध्ये दहा मिनिटांत संपली असती," तो खाली बघत म्हणाला. "आणि मग तुम्ही... गेला असता."

पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, मग दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा बघून जीभच रेटेना, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. ते ऐकून तिला आत कुठेतरी बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचाही तिला संताप आला.

"तुमच्या तासाभरापायी माझ्या नव्वद खिडक्या पणाला लागल्यात," ती म्हणाली.

त्याने दुकानातल्या चार भरलेल्या बॅटऱ्या आणि तीन चार्जर पिशवीत भरले, मालकांना दोन दिवसांची रजा सांगितली आणि तो तिच्या मागोमाग चालू लागला. इमारतीत पोचल्यावर त्याने ड्रिलसाठी हात पुढे केला. तिने दिलं नाही. भोकं मीच पाडणार, म्हणाली. मग तो दोन दिवस चार मजले वर-खाली करत राहिला, रिकामी बॅटरी खाली, भरलेली वर. शनिवारभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. रविवारी दुपारी मनगट सरळ ठेवा, असं त्याने जिन्यातूनच सांगितलं, आणि तिला हसू आवरलं नाही.

संध्याकाळी नव्वदावा पडदा लागला. वसतिगृहाच्या बाईंनी दहा-बारा पडदे ओढून पाहिले, दांड्या हलवून पाहिल्या आणि पुढच्या इमारतीची मापं घ्यायला कधी येतेस, असं विचारून निघून गेल्या. तो जिन्यात गुडघे चोळत बसला होता.

"झालं ना काम?" तो म्हणाला. "मग मी निघतो. मी असं वागायला नको होतं... तुम्ही पुन्हा दुकानात आला नाहीत, तरी मी समजून घेईन."

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. खिडकीचं माप सांगावं तसं. "पण राग गेलेला नाही. दोन्ही एकदमच आहे, आणि ते तुला चालवून घ्यावं लागेल."

त्याने हळूच विचारलं, "राग... किती दिवस राहील?"

"रोज येऊन बघ," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली.