बॅटरी तर सायकलवर होती

नागऱ्याच्या महादेवाची आण, या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. आता याच महादेवाची आण मी आधी दोनदा खोटी घेतली आहे, आणि याही गोष्टीत एक जागा माझ्या मनची आहे. ती शेवटी सांगेन. तोवर निमूट ऐका.

सत्तावन्न साल. बिरसीला लढाईच्या वेळची धावपट्टी, तिच्या कडेला एका खोलीची बिनतारी चौकी. खोलीत बोलायची पेटी, खाली बॅटरी, भिंतीवर चौकटीत चौकी सांभाळणाऱ्या छोटेलालबाबूचा परवाना. ज्याच्याकडे परवाना त्यानेच बटन दाबून बोलायचं. आधी नाव, मग परवान्याचा क्रमांक, मग हवामान. नागपूरवाला ते वहीत उतरवून घ्यायचा. मी उमेदवार, मला फक्त ऐकायची मुभा. घरच्या धानाच्या बांध्या भावाच्या गळ्यात टाकून दोन वर्षं त्या पेटीपुढे बसलो होतो, आणि परवान्याची परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

नेमका तेव्हाच छोटेलालबाबू माझ्याकडे तिरपा पाहू लागला.

"पुनाराम, मैं गोंदिया जाता हूँ तब पेटी पर कौन बोलता है?"

"कोणी नाही, बाबूजी."

"नागपुरवाला कहता है, रोज तीन बजके दस मिनट पर कोई बोलता है. आवाज तेरी बताता है."

मला वाटलं, हाच मला अडकवतोय. त्याच्या भाच्याला माझी जागा हवी होती. त्याला वाटलं, मी खोटा. त्या दिवशी आम्ही एकाच किटलीतला चहा प्यालो, पण एकमेकांकडे पाठ केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तारा सोडवल्या, बॅटरी उचलली आणि सायकलच्या कॅरिअरला करकचून बांधली.

"अब बोलके दिखा. आज भी आवाज गई, तो परीक्षा भूल जाना." आणि गोंदियाच्या वाटेला लागला.

ऊन स्वच्छ होतं. बांध्यांत धानाची कापणी चालू होती, तिचा गोडसर वास खोलीभर होता. शेजारच्या बांधीची धुरपताबाई पाणी प्यायला येऊन उंबऱ्यावर टेकली होती. बोलता बोलता तीन-दहा झाले आणि बाहेरचे विळे ऐकू येईनासे झाले. धानाचा वास गेला. खोलीत ओल्या घोंगडीचा गार वास भरला.

पेटी बोलली.

"बिरसी... बिरसी... धुकं आहे. पट्टी दिसत नाही. कोणी उतरू नका..."

आवाज माझा होता.

धुरपताबाईने तांब्या हळूच खाली ठेवला. "काऊन रे पुनाराम, तू तं अठी बसून राहिलास. मंग अंदर कोन बोलून राहिला?"

मी तोंड उघडलं. ओठ हलले. घशातून काही निघालं नाही.

"बोलणारा पुनाराम..." पेटी म्हणाली. "परवाना क्रमांक..."

आणि थांबली. कोणी तरी सांगेल म्हणून वाट पाहत राहिली. आत श्वास ऐकू येत होता. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, बटनाला शिवलो नाही. दहा मिनिटांनी पेटी गप्प झाली आणि मला खोकला आला.

छोटेलालबाबू दिवस मावळता परतला. गोंदियाहून त्याने फोनवर नागपूरला विचारलं होतं.

"आज भी बोला," तो म्हणाला. मग कॅरिअरवरच्या बॅटरीकडे पाहिलं, स्वतः मारलेल्या गाठी चाचपल्या. "लेकिन ये तो... मेरे पास थी."

त्याने तक्रार लिहिली नाही. मी परीक्षेला बसलो, पास झालो.

आता माझ्या मनची जागा. हात मांड्यांखाली नव्हते. पेटी श्वास घेत होती, माझा घसा बंद होता, आणि क्रमांक मिळाल्याशिवाय ती माझा आवाज परत देणार नाही हे मला उमजलं. माझा क्रमांक अजून कुठे होता? मी बटन दाबलं आणि भिंतीवरचा छोटेलालबाबूचा वाचला. ओठ माझे हलले. आकडे पेटीतून निघाले.

दुसऱ्या दिवसापासून तीन-दहाला नागपूरला माझा आवाज गेला नाही. छोटेलालबाबूचा गेला. बाबू माझ्यासमोर बसलेला असतानाही गेला. भर उन्हात धुक्याच्या खोट्या खबरा देतो म्हणून महिन्याभरात त्याचा परवाना काढून घेतला, आणि त्या खुर्चीत मला बसवलं.

तो आता बालाघाटला किराणा दुकान चालवतो. मागच्या पोळ्याला मी तिकडे गेलो होतो. तीन वाजून गेले होते. गूळ जोखता जोखता तो बोलायचा थांबला. ओठ मात्र हलतच राहिले.

त्याच्या बायकोने त्याच्याकडे न पाहताच तराजू हातात घेतला.

"रोज का है," ती म्हणाली. "दस मिनट रुकिए."