यादीतली सतरावी

बसा सगळे. आणि तो मोबाइल आधी पालथा घाल, डोळ्यात उजेड जातो. ही ऐकीव गोष्ट नाही. मी छापखान्यात फोरमन होतो तेव्हाची. ज्याच्यावर बेतली तो मास्तर माझा चांगला स्नेही होता.

शाळेचा वार्षिक अंक आमच्याकडे छापायचा. प्रूफं तपासायचं काम दरवर्षी या मास्तरच्या गळ्यात. का, तर नऊ वर्षं झाली तरी त्याची नोकरी कायम नव्हती, आणि कायम नसलेल्या माणसाला कोणीही कामाला जुंपतं.

तर सोळा मार्च, गुरुवार. संध्याकाळी मी प्रूफं त्याच्या हातात दिली आणि बजावलं, "उद्या सकाळी सहाला मशीन लावतोय. पानं नाही आली तर अंक गेला बोंबलत." तो हसला. "साडेपाचलाच दारात येऊन बसतो, मालक." मालक कसला! पण चेष्टा केल्याशिवाय त्याला राहवायचं नाही.

अंकात एकच भानगड होती. सातवीच्या यादीतली सतरा नंबरची मुलगी. चार महिन्यांपूर्वी शाळेच्या जिन्यावरून खाली पडून गेली. कठडा सैल होता. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी हात लावला नव्हता. तिची आई शिवणकाम करायची, शाळेचे गणवेश तिच्याच हातचे. ती मास्तरला येऊन भेटली होती. "फोटो नको, लेख नको. यादीत तेवढं नाव राहू द्या." मास्तरनं शब्द दिला.

आणि त्या गुरुवारी मुख्याध्यापकांनी त्याला बोलावून सांगितलं, "ते नाव दिसलं की लोक पुन्हा कठड्याचा विषय काढणार. उडवा ते. तुमच्या कायमच्या कागदावर सोमवारी सही करतोय मी."

प्रूफ वाचायला दोघं लागतात. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची. मोठ्यानं वाचायला मास्तरची मुलगी बसली. तीही सातवीतच, नंबर अठरा. गेलेल्या मुलीच्या बाकावर बसणारी.

सतरावर येऊन ती थांबली, मास्तरच्या हातातल्या प्रूफाकडे तिची नजर गेली. "बाबा, हिच्यावर रेघ का मारली?"

"ती नाहीये आता."

"पण काकूंना तुम्ही हो म्हणाला होतात."

"पुढचं वाच."

पोरगीनं बोट एक ओळ खाली सरकवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आता सतरा नंबर मी?"

"हो. सगळे एकेक वर सरकतात. जा, झोप आता."

पावणेबारा वाजले. बायको आणि मुलगी आतल्या खोलीत झोपलेल्या. मास्तर शेवटचा हात म्हणून यादी पुन्हा एकट्यानंच मोठ्यानं वाचायला लागला. पंधरा... सोळा... सतरा, आणि आपल्या मुलीचं नाव घेतलं.

आतून आवाज आला. "हजर."

त्याला हसू आलं. पोर झोपेत बडबडतेय. त्यानं गंमत म्हणून पुन्हा म्हटलं, "सतरा."

"हजर."

या वेळी दोन आवाज. एकदम.

तो उठला. दार ढकललं. बायको गाढ झोपलेली. मुलगीही झोपलेली... पण अंग भिंतीला चिकटवून. शेजारी आणखी एक जण मावेल एवढी जागा सोडून. बाकावर सोडतात तशी.

तो टेबलाशी परत आला. काय करायचं ते त्याला कळत होतं. प्रूफात चुकून काही खोडलं, तर त्याखाली टिंबांची ओळ द्यायची. म्हणजे, हे राहू द्या. आठ-दहा टिंबं. दोन सेकंदांचं काम.

पेन उचललं.

सोमवारची सही आठवली.

पेन ठेवलं.

आत कोणीतरी श्वास सोडला... एवढंच. मग काही नाही.

साडेपाचला त्यानं पानं माझ्या हातात दिली. मी खुणा तेवढ्या बघितल्या, नावं वाचली नाहीत, दुरुस्त्या केल्या, मशीन लावलं. तो घरी पोचला तेव्हा मुलगी उठली होती. पायात चपला घालत आपल्याच आईला म्हणत होती, "काकू, मी निघते. आई वाट बघत असेल."

बायकोला वाटलं, थट्टा.

ती थट्टा नव्हती. डॉक्टर झाले, हाता-पाया पडणं झालं. ओढून आणली की पोरगी रात्री उठून चालू लागायची. त्या शिवणाऱ्या बाईच्या दारात जाऊन उभी राहायची.

सोमवारी अंक वाटले. मास्तरची नोकरी कायम झाली. संध्याकाळी तो मुलीला आणायला गेला. बाई दारातच उभी. मागे त्याची मुलगी. "चल घरी," तो म्हणाला. मुलगी म्हणाली, "सर, मी घरीच आहे."

बाईनं अंक उघडून त्याच्या पुढ्यात धरला. "मास्तर, यादीत बघा. तुमची मुलगी कुठंय?"

सतरा नंबरवर गेलेल्या मुलीचं नाव. खाली अठरावर थेट एकोणीसची मुलगी. त्याच्या मुलीचं नाव... कुठंच नाही.

बाईनं दार लावलं. शांतपणे.

तो तसाच माझ्याकडे धावत आला. "तुम्ही चूक केलीत! मी सतरा खोडली होती!" सही झालेली प्रूफं आम्ही जपून ठेवतो, उद्या कोणी बोंब मारली तर दाखवायला. मी कागद काढला. दिव्याखाली धरला.

सतरावर रेघ नव्हती. पुसल्याची खूणही नाही. रेघ अठरावर. लाल. सरळ. शेजारी सही. त्यानं ती निरखून बघितली... बराच वेळ... आणि खाली बसला. सही त्याचीच होती.

पण मी दुसरंच बघत होतो. त्या खोडलेल्या नावाखाली एक टिंब होतं. एकच. ते त्यानं दिलेलं नव्हतं, शपथेवर सांगत होता.

शुक्रवारी सकाळी मला ते दिसलं होतं, पोरांनो. एकट्या टिंबाला आम्ही शाईचा डाग समजतो.